औंधच्या राजाचे बिनपैशाचे औषध

आटपाडी आज सांगली जिल्ह्यात असली, तरी १९४८ पर्यंत ती औंध संस्थानात होती. खुद्द औंध गाव आता सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात येते. ७२ गावांचे हे छोटे संस्थान, तेही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. मुलूख बराचसा दुष्काळी, तिजोरी बेताची. अशा ठिकाणच्या राजाने रयतेच्या आरोग्यासाठी जो उपाय निवडला, त्याला ना औषध लागत होते, ना साधन. सतरंजीएवढी जागा पुरे. राजाचे नाव भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि उपाय सूर्यनमस्कार.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले. चित्रे काढत, कीर्तन करत. तरुणपणी त्यांनी युजेन सँडो या त्या काळी गाजलेल्या युरोपीय व्यायामपटूची पुस्तके आणि साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. मग मिरजेच्या संस्थानिकांच्या सल्ल्यावरून ते नमस्कारांकडे वळले. १९०९ मध्ये ते गादीवर बसले.

नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. घरोघरी, तालमीत ते घातले जातच. बाळासाहेबांनी ते शाळेच्या वेळापत्रकात आणले. संस्थानातल्या शाळांत मुलामुलींना रोजचे नमस्कार सक्तीचे झाले. मुलींनाही, हे त्या काळात विशेष. राजवाड्यात राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालत. राजा स्वतः रोज घाम गाळतो हे लोकांना दिसत होते. हुकमापेक्षा त्याचाच परिणाम अधिक झाला असणार, असे मला वाटते. १९२८ मध्ये त्यांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक आले. पुढे लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची पद्धत इंग्रज वाचकांसाठी मांडली, ते पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघाले.

याच राजाने १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यकारभार लोकांच्या हाती सोपवला. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही त्याच सुमाराची. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता डॉक्टर म्हणून थोडे. बाळासाहेबांचे दावे फार मोठे होते. बहुतेक सगळे आजार नमस्कारांनी दूर राहतात, असा त्यांचा विश्वास होता. तो मला मान्य नाही. त्या काळी माणसे प्लेग, हिवताप, क्षय, पटकीने जात. त्यावर लस, शुद्ध पाणी, डासांचा बंदोबस्त हेच उपाय होते. नमस्काराने पटकी थांबत नाही.

पण आज सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत रांग कुणाची असते? रक्तदाब आणि मधुमेहाची. या आजारांना दूर ठेवण्यात रोजच्या हालचालीचा वाटा खरोखर मोठा आहे. नमस्कारात मणका पुढे-मागे वाकतो, हातापायांवर शरीराचे वजन येते, सलग घातले की नाडी वाढते, दम लागतो. स्नायू साखर वापरू लागतात. आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. रानात राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज कमी. पण दुकानात, कचेरीत, मोटारसायकलवर दिवस काढणाऱ्याला ती आहे, मग तो गावात का राहीना.

तिशी ओलांडलेल्यांनी आधी गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ही तपासणी मोफत असते, तोंडाच्या कर्करोगाचीही होते. आशाताईंना विचारले, तर दिवस कळतो. रक्तदाब फार वाढलेला असेल, गुडघे किंवा कंबर दुखत असेल, काचबिंदू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नमस्कार घालू नयेत. अशांना चालणे बरे. गोळ्या चालू असतील, तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. सुरुवात पाच-सहा नमस्कारांनी करावी आणि हळूहळू वाढवावी.

संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. बाळासाहेब १९५१ साली, वयाच्या ८३व्या वर्षी गेले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे परदेशांत भारताचे राजदूत झाले. वडिलांचे नमस्कार त्यांनीही सोडले नाहीत.