तीनपट चुकलेला गॅलिलिओ

सेकंड इयरच्या टेस्टमध्ये मी कॅन्टिलिव्हरच्या मोकळ्या टोकाला डब्ल्यूएल आणि भिंतीपाशी शून्य बेंडिंग मोमेंट दाखवून आलो. मित्रांनी आठवडाभर पिडलं. त्याच आठवड्यात लायब्ररीत गॅलिलिओ भेटला आणि जरा धीर आला.

गॅलिलिओ म्हटलं की आपल्याला दुर्बीण आठवते. पण मित्रांनो, आपल्या एसओएमचा मूळपुरुषही तोच! जन्म १५६४, पिसा. वडिलांना मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता (ओळखीचं वाटतंय ना?), पण पठ्ठ्याने १५८५ साली पदवी न घेताच मेडिकल सोडलं. पुढे पाडुआत १८ वर्षं गणित शिकवलं.

१६३३ साली, पृथ्वी फिरते या मतापायी रोममध्ये खटला झाला. फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीच्या घरात नजरकैद, वर पुस्तक छापायला बंदी. पुढच्याच वर्षी लाडकी मुलगी गेली. सत्तरीच्या या म्हाताऱ्याने तेव्हा काय करावं? पाडुआतलं जुनं काम काढलं आणि भिंतीत रोवलेली तुळई टोकाला वजन लटकवल्यावर कुठे, कशी मोडते ते लिहायला घेतलं.

ती भिंतीपाशीच मोडणार, कारण वजनाचा तरफहात तिथे सगळ्यात लांब, हे त्याने बरोबर ओळखलं. ताकद रुंदी गुणिले खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हेही बरोबर. म्हणून २ बाय ६ ची फळी आडवी ठेवण्यापेक्षा उभी ठेवली तर तिप्पट भार घेते. चुकला तो एकाच जागी. तुळई खालच्या कडेभोवती फिरते आणि अख्खा छेद सारखाच ताणला जातो, असं त्याने धरलं. खालचा भाग दाबला जातो, मधे न्यूट्रल अ‍ॅक्सिस असतो, हे त्याच्या गणितात नाहीच! त्यामुळे एक षष्ठांशच्या जागी एक द्वितीयांश आलं, म्हणजे ताकद थेट तीनपट. गंमत अशी, की दोन तुळयांची तुलना करताना हा आकडा कटतो, म्हणून त्याची प्रमाणं सगळी बरोबर.

हस्तलिखित इटलीबाहेर गेलं, १६३८ साली हॉलंडमधल्या लायडनला छापलं. तोवर त्याचे दोन्ही डोळे गेले होते. १६४२ साली त्याच घरात तो वारला. पारां, कुलोम यांनी चूक दुरुस्त करत नेली आणि आपण घोकतो ती थिअरी नाविएच्या १८२६ च्या पुस्तकात नीट बसली.

पुढच्या टेस्टला मी डब्ल्यूएल भिंतीपाशीच काढला. शिअर फोर्सचं चिन्ह मात्र उलटं पडलं.