चांदीची लवचिक नळी: भावासाठी कॅथेटर बनवून घेणारा बेंजामिन फ्रँकलिन

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की आपल्याला पतंग आणि वीज आठवते. मलाही तेवढंच माहीत होतं. मागच्या वर्षी आजोबांना लघवीची नळी लावून घरी पाठवलं, तेव्हा रात्री त्यांच्या खाटेशेजारी बसून मी मोबाईलवर कॅथेटरबद्दल जे मिळेल ते वाचत होतो. तिथे हा माणूस परत भेटला. त्याला शोधत नव्हतो मी, पण मग सोडताही येईना.

आधी माझी चूक सांगतो. घरी आल्यावर लघवीची बॅग मी खिडकीच्या गजाला अडकवली होती. खाटेपेक्षा उंच! दिसायला नीटनेटकं वाटत होतं. दोन तासांत आजोबा कळवळायला लागले, पोट फुगल्यासारखं झालं. सिस्टरना व्हिडिओ कॉल केला, त्यांनी पहिल्याच नजरेत ओळखलं. नळीत पंप नसतो, लघवी फक्त उतारानं वाहते. बॅग नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी आणि फरशीला टेकता कामा नये. बॅग खाली घेतली आणि पाच मिनिटांत त्यांचा चेहरा मोकळा झाला.

आता फ्रँकलिनकडे वळू.

त्याचा जन्म १७०६ सालचा, बोस्टनचा. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. मेण महाग, म्हणून मेणबत्त्या जनावरांच्या चरबीच्या. सतरा भावंडांत हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं. बाराव्या वर्षी मोठा भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवारी, तिथे मार आणि भांडणं, आणि सतराव्या वर्षी घरातून पळून फिलाडेल्फिया. तिथे स्वतःचा छापखाना, वर्तमानपत्र, वर्गणीचं वाचनालय, आग विझवणाऱ्या लोकांचा गट असं एकेक उभं करत गेला. १७३७ पासून फिलाडेल्फियाचा पोस्टमास्तर. बेचाळिसाव्या वर्षी रोजच्या धंद्यातून बाजूला झाला आणि विजेच्या प्रयोगांत पडला.

१७५२ हे त्याचं गाजलेलं वर्ष. याच वर्षी पतंगाचा प्रयोग झाला, आणि ज्या पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलसाठी त्यानं पैसे उभे करायला मदत केली होती तिथे पहिले रुग्ण दाखल झाले. आणि याच वर्षी बोस्टनमधला त्याचा थोरला भाऊ जॉन मूतखड्यानं हैराण होता. जॉन त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, वडिलांचाच साबण-मेणबत्तीचा धंदा करणारा.

तेव्हाचा कॅथेटर म्हणजे धातूची वाकडी, कडक नळी. आतल्या वाटेला वळणं असतात, नळीला ती कळत नाहीत. आणि ती आजच्यासारखी लावून ठेवायची सोय नव्हती, लघवी अडली की पुन्हा घालायची. मला तर वाचूनच अंगावर काटा आला. जॉनला वाकणारी नळी हवी होती. एवढी एकच मागणी.

फ्रँकलिनला एके दिवशी कल्पना सुचली. पण नुसतं पत्रात वर्णन केलं तर भावाला समजणार नाही, असं त्याला वाटलं. मग तो उठून चांदीचं काम करणाऱ्या सोनाराकडे गेला, कसं करायचं ते सांगितलं आणि नळी तयार होईपर्यंत तिथेच बसून राहिला, कारण ती त्याच टपालानं जायला हवी होती. ८ डिसेंबर १७५२ च्या पत्रासोबत नळी बोस्टनला रवाना झाली.

नळी होती कशी? बाथरूममधल्या जेट स्प्रेची स्टीलची पाइप डोळ्यांसमोर आणा. वेटोळ्यांची, कशीही वळते. जवळपास तीच कल्पना, पण चांदीत आणि फारच बारीक. सोनारानं ती तारेभोवती पिळून बनवली होती. जाड वाटली तर तिथला सोनार बारीक तारेवर पिळून लहान करू शकेल, हेही त्यानं भावाला कळवलं. म्हणजे साइझ बदलायची सोय सुरुवातीपासून! वेटोळ्यांच्या फटी बुजवायला दोन उपाय: एक, तुरटी आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवलेलं जनावराचं बारीक आतडं वरून चढवायचं, दोन्ही टोकांना दोऱ्यानं बांधायचं आणि वर चरबी लावायची. किंवा आतडं नकोच, नुसती चरबी चोळायची, म्हणजे गुळगुळीतही होते आणि फटीही भरतात. मेणबत्तीवाल्याच्या दोन पोरांना चरबी काय नवीन होती!

नळी फारच मऊ पडली आणि आत सरकेना, तर? त्यासाठी सोबत एक तार. मागचा भाग तारेनं ताठ ठेवायचा, पुढचा सरकवायचा, आणि तार हळूहळू मागे घ्यायची. बाहेर काढतानाची युक्ती मला सगळ्यांत आवडली. स्प्रिंग ओढली की बारीक होते ना, तशी ही नळी ओढताना बारीक होते, त्यामुळे घासत नाही. शिवाय स्क्रूसारखी फिरवत आत-बाहेर करता येते. आणि वापरता वापरता यात सुधारणा सुचतील, हेही त्यानं लिहून टाकलं. पहिलं व्हर्जन आहे, फीडबॅक द्या, असं म्हणा हवं तर.

इंटरनेटवर फ्रँकलिननं लवचिक कॅथेटरचा शोध लावला असं सर्रास लिहिलेलं दिसतं. ते तितकंसं खरं नाही. युरोपात वाकणाऱ्या नळ्या त्याच्या आधीही झाल्या होत्या. अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींपुरतं हे काम पहिल्यांपैकी मानतात. पेटंटचं म्हणाल तर त्यानं कशाचंच घेतलं नाही, त्याच्या शेगडीसाठी गव्हर्नर हक्क द्यायला तयार होते तरी नाही.

जॉन १७५६ च्या जानेवारीत गेला.

पुढचं आयुष्य तुम्ही शाळेत थोडंफार वाचलं असेल: लंडन, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, फ्रान्समधली वकिली, दुहेरी भिंगांचा चष्मा. एक गोष्ट मात्र पुस्तकं पटकन ओलांडून जातात. त्याच्या घरी गुलाम होते, आणि त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जायच्या. म्हातारपणी, १७८७ मध्ये, तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. उशीर झाला, पण झाला.

आणि मग भावाचंच दुखणं त्याच्या वाट्याला आलं. सत्तरी ओलांडल्यावर त्यालाही मूत्राशयाचा खडा झाला. १७८५ मध्ये फ्रान्स सोडताना घोडागाडीचे धक्के सोसवेनात, म्हणून राणीची पालखी मिळाली, खेचरांनी वाहायची. त्यातून तो बंदरापर्यंत गेला. शेवटच्या वर्षांत दुखणं थांबवायला अफू घ्यावी लागली. १७ एप्रिल १७९० ला, ८४ व्या वर्षी, फिलाडेल्फियात वारला.

आजोबांना हे सगळं मी तुकड्यातुकड्यात सांगितलं. त्यांना चांदीत फार रस. किती तोळे लागली असेल, हा पहिला प्रश्न. मग आम्ही त्यांच्या नळीचं पाकीट बघितलं. त्यावर १६ आकडा होता. या आकड्याला ३ नं भागा, नळीची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते, म्हणजे सव्वापाचच्या आसपास. त्यांची नळी फोली प्रकारची, १९३० च्या दशकात अमेरिकन डॉक्टर फ्रेडरिक फोली यांनी रूढ केलेली. टोकाला छोटा फुगा असतो, आत गेल्यावर त्यात पाणी भरतात, त्यामुळे नळी निसटत नाही. म्हणूनच ती घरी कधीही ओढून काढायची नाही, फुगा आतून फाडत येतो.

सिस्टरनी सांगितलेल्या दोन गोष्टींनी आजोबांना खरा आराम पडला. नळी मांडीवर थोडी ढिली सोडून चिकटपट्टीनं बसवली, म्हणजे कूस बदलली तरी ओढ मांडीवर येते, आत नाही. आणि नळी मांडीखाली दबत नाही ना, हे दर वेळी बघायचं. रोज साबण-पाण्यानं धुणं, आधी हात धुणं, बॅग पूर्ण भरायच्या आत रिकामी करणं, हे तर होतंच. ताप आला, लघवी येईनाशी झाली किंवा लाल झाली तर वाट न बघता हॉस्पिटल.

पाणी मात्र ते पीतच नव्हते. बॅग भरली की नातवाला उचलावी लागते, याची लाज. जॉननं ही गोष्ट धाकट्या भावाला पत्रात कळवली होती हे ऐकल्यावर थोडा वेळ गप्प बसले, मग तांब्या मागितला.