हेन्री फोर्ड : मोटारीचा किमयागार आणि द्वेषाचे साप्ताहिक

१९२० सालच्या जून महिन्यात डेट्रॉइटमधील ज्यू धर्मगुरू लिओ फ्रँकलिन यांनी भेट म्हणून मिळालेली एक मोटारगाडी दात्याकडे परत पाठवली. दाते होते हेन्री फोर्ड. दोघे एके काळचे शेजारी. फोर्ड आपल्या या स्नेह्याला दर वर्षी कारखान्यातून नवी गाडी पाठवीत असत. गाडी परत आलेली पाहून फोर्ड यांनी फ्रँकलिन यांना दूरध्वनी केला आणि आपल्या मैत्रीत काय बिघडले, अशी विचारणा केली. त्यांच्या आवाजात खरोखरीचे आश्चर्य होते. त्यांच्याच मालकीचे साप्ताहिक त्या वेळी दर आठवड्याला ज्यू समाजावर आग ओकत होते. आपण लिहवून घेतलेल्या मजकुराचा आपल्या शेजाऱ्याशी काही संबंध असू शकतो, हे मात्र त्यांच्या ध्यानी आले नव्हते.

यंत्रविद्येच्या बळावर अफाट संपत्ती मिळवलेला उद्योगपती लोकमत घडवण्याचे साधन ताब्यात घेतो, त्यातून एखाद्या समाजाविरुद्ध विखार पसरतो आणि मग कायद्याने त्याला आवरावे की अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणून सोडून द्यावे, असा वाद उभा राहतो. हा वाद आज रोजच्या बातम्यांत असला, तरी शंभर वर्षांपूर्वी मिशिगनमध्ये तो संपूर्णपणे खेळला गेला होता. फोर्ड यांचे चरित्र त्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे.

शेतातून कारखान्याकडे

हेन्री फोर्ड यांचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी आजच्या डिअरबॉर्न परिसरातील एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील विल्यम आयर्लंडहून आलेले स्थलांतरित. हेन्री तेरा वर्षांचे होण्याआधीच त्यांच्या आईचे निधन झाले. शेतीत त्यांचे मन कधीच रमले नाही. सोळाव्या वर्षी त्यांनी डेट्रॉइट गाठले आणि यंत्रशाळेत उमेदवारी सुरू केली. पुढे एडिसन कंपनीच्या वीजकेंद्रात अभियंता म्हणून नोकरी करीत असताना घरामागच्या शेडमध्ये त्यांनी पेट्रोलवर चालणारी चारचाकी बनवली. जून १८९६ मध्ये ती रस्त्यावर धावली.

पहिली कंपनी बुडाली, दुसरीतून ते भांडून बाहेर पडले. १६ जून १९०३ रोजी स्थापन झालेली फोर्ड मोटर कंपनी मात्र टिकली. १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ बाजारात आली आणि १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकत्या जुळणी-साखळीची सुरुवात झाली. एका गाडीच्या सांगाड्याच्या जुळणीला पूर्वी साडेबारा तास लागत, ते काम सुमारे दीड तासावर आले. सुरुवातीला ८५० डॉलर असलेली गाडीची किंमत पुढे तीनशेच्याही खाली उतरली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या.

जानेवारी १९१४ मध्ये त्यांनी कामगारांना दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली. ही रक्कम चालू मजुरीच्या जवळजवळ दुप्पट होती. हजारो स्थलांतरित डेट्रॉइटकडे धावले. परंतु या पैशाला अट जोडलेली होती. कंपनीचे निरीक्षक कामगारांच्या घरी जाऊन स्वच्छता, दारू आणि बचत यांची चौकशी करीत. नव्याने आलेल्यांना इंग्रजीचे वर्ग सक्तीचे होते. माणसाचे भले कशात आहे हे आपल्याला कळते, ही फोर्ड यांची धारणा येथे प्रथम ठळकपणे दिसते.

स्वतःची अब्रू

फोर्ड युद्धविरोधी होते. डिसेंबर १९१५ मध्ये महायुद्ध थांबवण्यासाठी शांतिदूतांनी भरलेले जहाज घेऊन ते युरोपला निघाले. मोहीम फसली, वृत्तपत्रांनी यथेच्छ टवाळी केली. पुढच्या वर्षी ‘शिकागो ट्रिब्यून’ने एका अग्रलेखात त्यांना अराजकवादी ठरवले, तेव्हा त्यांनी दहा लाख डॉलरच्या नुकसानभरपाईचा दावा लावला.

१९१९ च्या उन्हाळ्यात मिशिगनमधील माउंट क्लेमन्स येथे तो खटला चालला. प्रतिपक्षाच्या वकिलांनी फोर्ड यांना साक्षीच्या पिंजऱ्यात इतिहासाचे साधे प्रश्न विचारले. अमेरिकन क्रांतीचे सालही त्यांना नीट सांगता आले नाही. देशभर हसे झाले. ज्यूरीने निकाल त्यांच्या बाजूने दिला, पण भरपाई ठरवली अवघी सहा सेंट. या अपमानातून फोर्ड यांनी एक धडा घेतला: वृत्तपत्रे आपली बाजू मांडणार नाहीत, तर आपले स्वतःचे वृत्तपत्र हवे.

त्याची तयारी झालेलीच होती. १९१८ मध्ये सिनेटची निवडणूक थोडक्यात हरल्यावर त्यांनी ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ हे गावातले छोटे साप्ताहिक विकत घेतले होते. जानेवारी १९१९ पासून ते त्यांच्या मालकीखाली निघू लागले. अंकात एक पान खास फोर्ड यांच्या नावाचे असे. जाहिरातींवर अवलंबून राहावे लागत नसल्याने तोट्याची चिंता नव्हती. देशभरच्या फोर्ड विक्रेत्यांना गाड्यांबरोबर साप्ताहिकाचे वर्गणीदारही मिळवावे लागत. अशा रीतीने खप लाखोंच्या घरात गेला.

एक्याण्णव आठवडे

२२ मे १९२० च्या अंकापासून ज्यूंविरुद्धची लेखमाला सुरू झाली आणि ती सलग एक्याण्णव आठवडे चालली. युद्ध, बँका, नाट्यव्यवसाय, जॅझ संगीत, अगदी बेसबॉलमधला भ्रष्टाचार, अशा प्रत्येक दुखण्याचे खापर एका समाजाच्या माथी फोडण्यात आले. आधार होता ज्यूंच्या कथित जागतिक कटाचा तथाकथित ‘प्रोटोकॉल’ हा दस्तऐवज. तो बनावट असल्याचे लंडनच्या ‘टाइम्स’ने ऑगस्ट १९२१ मध्ये पुराव्यानिशी दाखवले. लेखमाला तरीही थांबली नाही. आधीचे संपादक एडविन पिप हे लेखमाला सुरू होण्यापूर्वीच राजीनामा देऊन बाहेर पडले होते. त्यांच्या जागी आलेले विल्यम कॅमेरॉन लेख लिहीत, आणि फोर्ड यांचे सचिव अर्नेस्ट लीबोल्ड सामग्री पुरवीत. लेखांचे चार खंड ‘द इंटरनॅशनल ज्यू’ या नावाने निघाले. त्यांवर प्रकाशनहक्क राखून ठेवला नव्हता. कोणीही ते छापावेत, भाषांतर करावेत, अशी मोकळीक होती.

प्रतिकार अनेक बाजूंनी झाला. जानेवारी १९२१ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यासह शंभरांहून अधिक मान्यवर ख्रिस्ती नागरिकांनी ज्यूद्वेषाचा निषेध करणारे पत्रक काढले. अनेक ज्यूंनी फोर्डची गाडी घेणे बंद केले. काही शहरांनी रस्त्यावरची विक्री रोखण्याचा मार्ग धरला. क्लीव्हलँडमध्ये पोलिसांनी अंक विकणाऱ्यांना अटक केली, तेव्हा साप्ताहिकाची कंपनी संघराज्य न्यायालयात गेली. न्यायाधीशांनी १९२१ मध्ये शहराला मनाई केली. मजकूर कितीही आक्षेपार्ह असला, तरी तो आधीच अडवण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला, तर प्रत्येक नागरिकाचे बोलणे त्यांच्या मर्जीवर राहील, असा त्या निकालाचा आशय होता.

ज्यू समाजाचे अग्रणी आणि नामांकित घटनातज्ज्ञ लुई मार्शल यांच्यापुढे पेच होता. बदनामीचा कायदा व्यक्तीच्या अब्रूचे रक्षण करतो, संपूर्ण समाजाच्या अब्रूचे नाही. लाखो लोकांवर एकाच वेळी चिखल उडवला, तर त्यांतील कोणा एकाला दावा लावता येत नाही. एका माणसाचे नाव घेतले, तरच कायद्याचे दार उघडते.

दार उघडले

ते १९२४ मध्ये उघडले. आरन सपिरो हे ज्यू वकील शेतकऱ्यांच्या सहकारी विक्री संघांची उभारणी करीत होते. शेतकऱ्यांना अडत्यांच्या जोखडातून सोडवण्याचे हे काम वास्तविक फोर्ड यांना आवडायला हवे होते. साप्ताहिकाने मात्र त्यात ज्यूंचा कट पाहिला आणि सपिरो यांच्यावर नाव घेऊन हल्ला केला. सपिरो यांनी दावा लावला तोही दहा लाख डॉलरचाच.

मार्च १९२७ मध्ये डेट्रॉइटच्या संघराज्य न्यायालयात सुनावणी सुरू झाली. न्यायाधीशांनी आरंभीच मर्यादा आखून दिली: येथे सपिरो या व्यक्तीच्या बदनामीचाच विचार होईल, ज्यू समाजाच्या नव्हे. कॅमेरॉन यांनी साक्षीत सारी जबाबदारी स्वतःवर घेतली. साप्ताहिकात काय छापले जाते, हे मालकाला ठाऊकच नसे, असा बचाव मांडण्यात आला. फोर्ड यांची साक्ष जवळ आली असतानाच त्यांची गाडी रस्त्यावरून उतारावर गेली आणि ते रुग्णालयात दाखल झाले. पुढे एका ज्यूरी सदस्येने वृत्तपत्राला मुलाखत दिल्याने खटला रद्द झाला.

नव्याने सुनावणी होण्यापूर्वीच फोर्ड यांनी मध्यस्थांकरवी मार्शल यांच्याशी संधान बांधले. मार्शल यांनी माफीचा मसुदा लिहिला. फोर्ड यांनी त्यात एका शब्दाचाही बदल सुचवला नाही. ८ जुलै १९२७ रोजी ती माफी देशभर प्रसिद्ध झाली. सपिरो यांच्याशी तडजोड झाली आणि वर्षअखेरीस साप्ताहिक बंद पडले. त्या माफीवर सही आपण फोर्ड यांच्या नावाने केली, असे त्यांचे विश्वासू हॅरी बेनेट यांनी नंतर सांगितले. कॅमेरॉन आणि लीबोल्ड दोघेही फोर्ड यांच्या सेवेत पुढेही राहिले.

योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतात वेगळी वाट निवडली गेली. लाहोरच्या एका पुस्तकाच्या प्रकाशकाची उच्च न्यायालयात सुटका झाल्यानंतर दंड संहितेत कलम २९५-अ आले आणि धर्मभावना हेतुपुरस्सर दुखावणे हा गुन्हा ठरला. आपल्यापैकी बहुतेकजण त्या कायद्याच्या छायेत वाढले आणि मग या देशात आले. अमेरिकेची न्यायालये विरुद्ध दिशेने गेली. १९३१ मध्ये मिनेसोटातील एका ज्यूद्वेष्ट्या पत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रावर प्रकाशनापूर्वीच बंदी घालण्यास नकार दिला. समूहाच्या बदनामीविरुद्धचा इलिनॉय राज्याचा कायदा १९५२ मध्ये त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला खरा, पण नंतरच्या निकालांनी त्याचा पाया ढासळला.

परत न येणारा शब्द

माफी आली, पण पुस्तके परत आली नाहीत. जर्मनीत त्यांचे भाषांतर १९२० च्या दशकाच्या आरंभीच झाले होते आणि आवृत्त्या निघतच राहिल्या. हिटलरने आपल्या आत्मचरित्रात फोर्ड यांचा गौरवाने उल्लेख केला. जुलै १९३८ मध्ये, फोर्ड यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, जर्मन वकिलातीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना नाझी राजवटीचा मोठा सन्मान अर्पण केला. तो परत करण्याची मागणी झाली, तरी त्यांनी तो ठेवून घेतला. १९४६ मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यात हिटलरच्या युवा संघटनेचा प्रमुख शिराख याने आपण तरुणपणी ज्यूद्वेष्टे झालो ते फोर्ड यांचे पुस्तक वाचून, अशी साक्ष दिली.

फोर्ड यांचे व्यक्तिमत्त्व एका रंगाचे नव्हते. त्यांच्या कारखान्यांची रचना करणारे वास्तुविशारद अल्बर्ट कान ज्यू होते. इतर मोटार कंपन्या कृष्णवर्णीयांना दारात उभे करीत नसत, तेव्हा त्यांनी हजारोंना काम दिले. सेवाग्रामी राहणाऱ्या गांधीजींनी १९४१ मध्ये पाठवलेला चरखा त्यांनी जपून ठेवला. आणि त्याच माणसाच्या पहारेकऱ्यांनी १९३७ मध्ये कामगार संघटकांना कारखान्याच्या पुलावर रक्तबंबाळ केले. एकुलता एक मुलगा एड्सेल १९४३ मध्ये त्यांच्याआधी गेला. ७ एप्रिल १९४७ च्या रात्री, पुरामुळे वीज गेलेली असताना, दिव्याच्या उजेडात फोर्ड यांचे निधन झाले.

मिशिगनमधील मराठी घरांत भारतातून पाहुणे आले, की त्यांना डिअरबॉर्नचे संग्रहालय आणि ग्रीनफिल्ड व्हिलेज दाखवायला नेण्याची प्रथाच आहे. आपल्यातील अनेकांची रोजीरोटी मोटार उद्योगावर चालते. त्याच गावात जानेवारी २०१९ मध्ये, साप्ताहिकाच्या खरेदीला शंभर वर्षे झाल्याच्या निमित्ताने, नगराच्या इतिहासविषयक त्रैमासिकात फोर्ड यांच्या ज्यूद्वेषावर सविस्तर लेख आला. महापौरांनी अंकाचे वितरण थांबवले आणि संपादकाचे काम काढून घेतले. लेख मग एका वृत्तसंकेतस्थळावर प्रसिद्ध झाला, आणि त्रैमासिकाच्या मोजक्या वर्गणीदारांऐवजी देशभरच्या वाचकांनी तो वाचला.