इसवी सन ३०० पासूनच्या तारखा जुळवून देणारा मुरूडचा शाळामास्तर

युनिक्स सिस्टिमवर 'क्रॉन' नावाची एक सोय असते. कोणतं काम किती तारखेला करायचं हे एका ओळीत लिहून ठेवलं की मशीन ते दर महिन्याला आपोआप करतं. पण तारीख ३१ टाकली तर काम वर्षातून ७ वेळाच होतं, कारण बाकीच्या महिन्यांत ३१ तारीखच नसते. आणि दर संकष्टीला आठवण करून दे, हे तर क्रॉनला अशा ओळीत सांगताच येत नाही.

कारण तिथी चंद्रावर चालते. बारा चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस, सौरवर्षापेक्षा ११ कमी. म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना येतो. त्यात तिथीही कधी लहान, कधी मोठी.

हा गुंता सोडवण्यात आयुष्य घालवलं ते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी. जन्म १८५३ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचा. पेशा शिक्षकाचा.

गुप्त राजांचा संवत नेमका कधी सुरू झाला, यावर तेव्हा वाद होता. इंग्रज अभ्यासक फ्लीट यांना शिलालेखांतल्या तिथी-वारांचं गणित दीक्षितांनी करून दिलं. त्यातून इसवी सन ३१९-२० या काळाला भक्कम आधार मिळाला.

१८९६ साली त्यांची दोन मोठी पुस्तकं आली. एक मराठीत, भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास. दुसरं रॉबर्ट सेवेल यांच्यासोबत इंग्रजीत. त्यातल्या कोष्टकांवरून इसवी सन ३०० ते १९०० मधली जुनी तिथी इंग्रजी तारखेत बदलता येते.

पण एक लढाई मात्र त्यांना जिंकता आली नाही. सूर्याचं उत्तरायण प्रत्यक्षात २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतं, मग मकर संक्रांत जानेवारीत का? पंचांग ऋतूंशी जुळावं म्हणून विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनी सायन पंचांगाचा आग्रह धरला. लोकांनी तो स्वीकारला नाही. सण पिढ्यान्‌पिढ्या ज्या दिवशी झाला, तो दिवस गणित दाखवून हलत नाही.

१८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीच्या आत दीक्षित गेले. १९५७ मध्ये भारताने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तिचं वर्ष मात्र सायन मानाचंच आहे. ती सरकारी कागदावर चालते. संक्रांत मुंबईपासून बीडच्या कड्यापर्यंत आजही जानेवारीतच येते.