संयुक्त मानापमान आणि केशवराव भोसले

आश्विनातील नवरात्रात करवीरनिवासिनीच्या दर्शनास भाविकांची रीघ लागते. याच करवीरात ९ ऑगस्ट १८९० रोजी जन्मलेल्या आणि १९२१ च्या नवरात्रातच देह ठेविलेल्या गायकनट केशवराव भोसले यांचे स्मरण आज करण्याचे आम्ही योजिले आहे.

बालवयातच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. ‘शारदे’च्या भूमिकेने त्यांचे नाव झाले. १९०८ साली हुबळीस त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढिली, तेव्हा वय अवघे सतरा! पुढे रामकृष्णबुवा वझे यांची तालीम लाभली आणि मूळचा तेजस्वी आवाज अधिकच खुलला.

इकडे भास्करबुवा बखले यांचे शिष्य बालगंधर्व यांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ पासून गाजत होती. रसिकांत साहजिकच दोन तट पडले. आम्हां कीर्तनकारांस हे नवे नाही. एका उत्सवात दोन बुवा आले, की त्यांची झुंज श्रोतेच लावितात.

१९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमविण्याची हाक गांधीजींनी दिली, आणि या दोघांनी एकत्र उभे राहण्याचे ठरविले. नाटक निवडले खाडिलकरांचे ‘मानापमान’. त्यातील भामिनी ही १९११ पासून बालगंधर्वांची गाजलेली भूमिका; केशवरावांकडे धैर्यधर आला. हे धाडस लहान नव्हते. मालकाच्या कीर्तीवर सबंध बिऱ्हाडाची चूल पेटे. एखादी तान उणी पडली, तरी प्रतिपक्ष ती वर्षानुवर्षे उगाळणार. तरीही ८ जुलै रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात दोघे समोरासमोर उभे राहिले. दोघेही रंगले, आणि प्रयोगाचे उत्पन्न फंडास गेले. मान आणि अपमान ज्यास सारखे, तो गुणातीत, असे गीतेच्या चौदाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे. नाटकाचे नाव त्या रात्री सार्थ झाले, असे आम्हांस वाटते.

पाठोपाठ संयुक्त ‘सौभद्र’ही झाले. केशवराव अर्जुन, बालगंधर्व सुभद्रा. ही जोडी आणखी किती रंगली असती! परंतु तीन महिने होण्याच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवरावांस वयाच्या एकतिसाव्या वर्षी ओढून नेले. घटस्थापना होऊन दोनच दिवस झाले होते. ‘ललितकलादर्श’ची धुरा मग बापूराव पेंढारकरांनी खांद्यावर घेतली.