आधी खराटा, मग भाकर

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात १८७६ साली जन्मलेले डेबूजी म्हणजेच आपले गाडगेबाबा. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला मामाकडे गुरे राखण्यात आणि शेतीत गेले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. गावात शिरताच खराट्याने रस्ते झाडायचे, काम झाल्यावरच भाकर घ्यायची आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा नेम. उद्या पुन्हा कचरा होणार, हे ठाऊक असूनही खराटा थांबला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांनी देह ठेवला.

इस्लामनेही स्वच्छतेला इमानाचा भाग मानले आहे. सहरीची भांडी घासून, अंगण झाडून झाले की रोजेदाराच्या मनावरचा भारही उतरतो. तीही इबादतच.