मेहली मेहता

आपल्याकडील मैफलींत गवई हाच राजा असतो. तबलजी आणि पेटीवाला त्याच्या कलानें चालतात. पाश्चात्य वाद्यवृंदाची रीत निराळी. तेथें साठ, सत्तर, प्रसंगीं शंभर वादक आपापल्या पुढ्यांत स्वरलिपि ठेवून बसतात, आणि त्यांच्यासमोर, श्रोत्यांकडे पाठ करून, हातांत बारीक कांडी घेतलेला संचालक उभा असतो. एवढ्या समुदायांत ज्याच्या हातून एकही स्वर निघत नाहीं असा तोच एक! ह्या संबंधांत झुबिन मेहता ह्यांचें नांव आमच्या विद्यार्थ्यांनीं ऐकिलें असेल. परंतु पुत्राच्या कीर्तीनें पित्याचें नांव झाकून जावें हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. म्हणून आमच्या नवी मुंबईसमोर, खाडीपलीकडे जन्मलेल्या त्या पित्याचें चरित्र येथें देत आहों.

मेहली मेहता ह्यांचा जन्म 25 सप्टेंबर 1908 रोजीं मुंबईंत एका पारशी कुटुंबांत झाला. व्हायोलिन ते बव्हंशीं स्वतःच्या श्रमानेंच शिकले. मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनीं घेतली, आणि 1929 सालीं लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकची पदविकाही मिळविली.

1935 सालीं त्यांनीं बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापिला. स्थापिला हा शब्द लिहावयास सोपा. वादक आणावयाचे कोठून? पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. तेथून मुंबईस आलेले वादक रात्रीं हॉटेलांत नाचाच्या वेळीं वाजवून पोट भरीत. ते, कांहीं हौशी पारशी, कांहीं युरोपीय, आणि फुंकून वाजविण्याच्या वाद्यांसाठीं नौदलाच्या बँडांतील शिपाई, अशी ही मिसळ होती. वाद्यें सुरांत लावण्यापूर्वीं माणसें लावावीं लागत. त्या गोमंतकीय वादकांचीं नांवें आज फारसें कोणी घेत नाहीं, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें. पहिलीं दहा वर्षें मेहली स्वतः व्हायोलिनवादकांचे अग्रणी म्हणून बसत. पुढें त्यांनीं संचालकाची कांडी धरिली. 1940 सालीं बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट नांवाचें चौघांचें तंतुवाद्यपथकही त्यांनीं काढिलें.

मध्यंतरीं, महायुद्ध संपल्यावर, पत्नी तेहमिना आणि झुबिन व झरीन हीं दोन लहान मुलें ह्यांस मुंबईंत ठेवून, ते न्यूयॉर्कला इव्हान गलामियन ह्या विख्यात व्हायोलिनगुरूंकडे शिकावयास गेले. चाळिशीकडे झुकलेला, स्वतःचा वाद्यवृंद उभारलेला मनुष्य पुन्हां विद्यार्थी होऊन बसला, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस तरी फार मोठी वाटते.

1954 सालीं झुबिन व्हिएन्नास शिकावयास गेले, आणि लौकरच मेहलींनींही मुंबई सोडिली. वीस वर्षें पोसलेला वृंद मागें राहिला. मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रांत, जॉन बार्बिरोली ह्यांच्या हाताखालीं, हे संचालक पुन्हां खुर्चीवर बसून वाजवूं लागले. तेथें सुमारें पांच वर्षें गेलीं, आणि फिलाडेल्फियांत कर्टिस क्वार्टेटमध्यें जवळजवळ तितकींच. इकडे मुंबईस कायम पगारी वादकांचा वाद्यवृंद लाभण्यास पुढें 2006 साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स ह्या संस्थेनें सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला.

1964 सालीं, वयाच्या 56 व्या वर्षीं, मेहली लॉस एंजेलिसला आले. तेथील नामांकित फिलहार्मोनिक वृंदाचे संचालक 1962 पासून झुबिन होते. त्याच शहरांत पित्यानें काय आरंभिलें? शिक्षण आटोपत आलेल्या, पण मोठ्या वृंदांत अद्याप जागा न मिळालेल्या तरुणांचा एक वृंद! अमेरिकन यूथ सिंफनी हें त्याचें नांव. श्रोत्यांस प्रवेश विनामूल्य असे. येथें तयार झालेले वादक पुढें अमेरिकेंतील मोठमोठ्या वृंदांत जाऊन बसले, आणि मेहलींस दरवर्षीं नव्या पोरांपासून पुन्हां आरंभ करावा लागला. तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतही ते वाद्यवृंद शिकवीत.

हें काम त्यांनीं तीस वर्षांहून अधिक काळ केलें. 1998 सालीं, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांनीं कांडी खालीं ठेविली, व 19 ऑक्टोबर 2002 रोजीं कॅलिफोर्नियांत त्यांचा अंत झाला. त्यांच्या हयातींतच, 1995 सालीं, मुंबईंत त्यांच्या नांवानें मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन ही संस्था निघाली. तेथें लहान मुलांस पाश्चात्य संगीत शिकवितात.